कलेसाठीं परदेशगमन

महिन्यापूर्वींची गोष्ट आहे. एका रविवारीं सकाळीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरीं आले. पूर्वीं ते आमच्याच आळींत राहत असत. एका पेढीवर आयुष्यभर कारकुनी करून ते नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. चहा झाला, प्रकृतीची विचारपूस झाली, आणि मग त्यांनीं खिशांतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला. त्यावर नीटनेटक्या अक्षरांत आंकडे मांडलेले होते. भविष्यनिर्वाह निधीचे इतके, पत्नीच्या दागिन्यांचे इतके, मेव्हण्याकडून उसने इतके. मुलानें मुंबईंत चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला आहे आणि आतां पॅरिसला जाऊं म्हणतो आहे. ते म्हणाले, "गुरुजी, लहानपणीं त्याच्या हातांत रंग तुम्हींच दिलेत. आतां तुम्हीच सांगा. तेथें असें काय आहे, जें मुंबईंत मिळत नाहीं? सगळीं चित्रें तर हल्लीं हातांतल्या फोनवर दिसतात."

मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. पॅरिस मीं पाहिलेलें नाहीं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षांना मुलें बसविणें, एवढाच काय तो माझा कलेशीं व्यवहार. मीं त्यांच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली.

मुदत मागण्याचें आणखी एक कारण होतें. तीस वर्षांपूर्वीं असाच प्रश्न घेऊन दुसरा एक मुलगा माझ्याकडे आला होता, आणि त्या वेळीं मीं क्षणाचाही विचार न करतां 'नको' म्हणून सांगितलें होतें. त्यानें तें ऐकलें. आज तो तालुक्याच्या गांवीं दुकानांचे फलक रंगवितो. रंगवितो असें तरी आतां कोठें म्हणावें, यंत्रावर छापून देतो. त्याचें बरें चाललें आहे. भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि दर वेळीं मी अस्वस्थ होतों. माझें उत्तर चूक होतें कीं बरोबर, हें मला माहीत नाहीं. परंतु तें मीं अज्ञानानें दिलें होतें, एवढें पक्कें माहीत आहे. या खेपेस तसें होऊं द्यावयाचें नाहीं, असें ठरवून मीं पंधरा दिवस वाचनालयांत काढले. त्या वाचनांतून मला जें उमगलें, तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पॅरिसच्या हवेंतच कांहीं जादू आहे. तेथें पाऊल टाकलें कीं माणूस कलावंत होतो. तसें असतें तर तेथले सगळे भाजीवाले चित्रकार झाले असते! खरी गोष्ट अधिक साधी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं त्या शहरांत चार-पांच सोयी एकाच वेळीं जमून आल्या होत्या. त्यांतली एखाद-दुसरी पुष्कळ शहरांत होती. सगळ्या मिळून फार थोड्या ठिकाणीं होत्या.

पहिली सोय संग्रहालयाची. लूव्र हा पूर्वींचा राजवाडा. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९३ सालीं, तो सर्व लोकांसाठीं संग्रहालय म्हणून खुला झाला. जीं चित्रें राजाच्या दिवाणखान्यांत लागलेलीं असत, तीं सामान्य माणसाला पाहतां येऊं लागलीं. इतकेंच नव्हे, तर तरुण चित्रकारानें तेथें आपली घोडी मांडून जुन्या चित्रांची नक्कल करीत बसावें, अशीही व्यवस्था होती. फोनवर चित्र दिसतें, हें आमच्या स्नेह्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु फोनवर फक्त चित्राचा विषय दिसतो. त्याचें आकारमान, रंगाचा चढविलेला थर, कुंचला कोठें थबकला आणि कोठें धांवला, हें दिसत नाहीं. गाण्याची स्वरलिपि वाचणें निराळें आणि मैफलींत गवयासमोर बसणें निराळें. तसाच हा भेद आहे.

दुसरी सोय शिक्षणाची. तेथील सरकारी कलाशाळेची, एकोल दे बोझारची, प्रवेशपरीक्षा कठीण असे, आणि स्त्रियांना तर तिचें दार १८९७ पर्यंत बंदच होतें. परंतु तिच्या जोडीला खासगी चित्रशाळा होत्या. १८६८ च्या सुमारास निघालेली जुलियाँ अकादमी स्त्रियांना आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही घेई. विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेल्या ग्रांद शोमिएर या चित्रशाळेंत तर थोडेसे पैसे भरावेत, आंत जाऊन बसावें, आणि समोर बसलेल्या माणसाचें चित्र काढावें. ना परीक्षा, ना हजेरी. आम्हां हजेरीपट भरणाऱ्या मास्तरांना हें चमत्कारिक वाटतें. परंतु ज्याच्याजवळ दाखला नाहीं, शिफारस नाहीं, धड भाषाही नाहीं, अशा परक्या मुलाला बसण्यास एक जागा मिळाली, हें लहान नव्हे.

तिसरी सोय प्रदर्शनांची. सरकारमान्य प्रदर्शनांत परीक्षकांनीं नाकारलेलें चित्र लोकांपुढें येण्यास पूर्वीं फारसा मार्ग नसे. १८८४ सालीं कांहीं चित्रकारांनीं एकत्र येऊन 'स्वतंत्र कलावंतांचें प्रदर्शन' सुरू केलें. त्यांत परीक्षक नाहींत आणि पारितोषिकेंही नाहींत. १९०३ सालीं शरद ऋतूंतलें आणखी एक प्रदर्शन त्यांत भर म्हणून आलें. चौथी सोय चित्रविक्रेत्यांची. वोलार नांवाच्या दुकानदारानें सेझान या चित्रकाराचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन १८९५ सालीं भरविलें, आणि स्पेनमधून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पिकासोचीं चित्रें १९०१ सालीं आपल्या दुकानांत लावलीं. नव्या माणसाच्या मालावर पैसे लावणारा व्यापारी जेथें असतो, तेथें नवा माणूस तग धरूं शकतो.

पांचवी सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे स्वस्त जागा, आणि त्या जागेंत मिळणारी सोबत. १९०० सालीं पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलें होतें. तें उठल्यावर त्यांतला मद्यविभागाचा गोल मंडप आल्फ्रेद बूशे नांवाच्या एका मूर्तिकारानें विकत घेतला आणि शहराच्या कडेला, कसाईखान्याजवळच्या स्वस्त जमिनीवर, तो पुन्हां उभारला. १९०२ सालीं तेथें गरीब कलावंतांसाठीं खोल्या सुरू झाल्या. मधल्या जिन्याभोवतीं पाचरीसारख्या अरुंद खोल्या, म्हणून त्या वास्तूला नांव पडलें 'ला रूश', म्हणजे मधमाशांचें पोळें. बूशे स्वतः गरिबींतून वर आलेला. भाडें थकलें तर तो फारसा तगादा करीत नसे. रशियन साम्राज्यांतून आलेले शागाल, सूतीन आणि आर्किपेंको, तसाच नॉर्मंडीहून आलेला लेजे, हे सारे तेथें कांहीं काळ राहिले. इटलीच्या मोदिल्यानीचेंही तेथें जाणेंयेणें असे. एका खोलींत अर्धवट राहिलेलें चित्र दुसऱ्या खोलींतला माणूस पाही, नांवें ठेवी, वाद घाली. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या स्वतःच्या चित्रांत त्या वादाचा परिणाम दिसे. तें पोळें अजूनही उभें आहे, आणि तेथें आजही कलावंत काम करतात.

आपल्या संगीताकडे पाहिलें म्हणजे हें चटकन् समजतें. गवयाच्या घरीं शिष्य गुरूपासून जितका शिकतो, तितकाच गुरुबंधूंच्या रियाजापासून शिकतो. पॅरिस हें एका मोठ्या गुरुगृहासारखें होतें, फक्त त्यांत गुरु एक नव्हता. १९२५ सालीं आंद्रे वार्नो नांवाच्या समीक्षकानें या मंडळींना 'पॅरिस संप्रदाय' असें नांव दिलें, आणि गंमत अशी कीं, त्यांतले बहुतेक पॅरिसचे नव्हतेच. पॅरिसचा मोठेपणा असा पुष्कळ अंशीं परक्यांनींच घडविलेला आहे. शहराचें श्रेय इतकेंच कीं, त्यानें त्यांना आंत येऊं दिलें आणि बसण्यास कोपरा दिला.

एवढें ऐकून कोणास वाटेल कीं, मग विचार कसला करावयाचा, आजच तिकीट काढावें. म्हणून आतां दुसरी बाजू सांगतों.

मोदिल्यानी १९०६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, पॅरिसला आला. प्रकृति लहानपणापासून नाजूक. पुढें चौदा वर्षें त्यानें तेथें काढलीं, आणि त्या अवधींत त्याच्या चित्रांचें एकच स्वतंत्र प्रदर्शन भरलें, तें १९१७ सालीं. त्यावरही पोलिसांची हरकत आली. जानेवारी १९२० मध्यें तो क्षयानें वारला, वय पस्तीस. २०१५ सालीं त्याचें एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावांत सतरा कोटी डॉलरांहून अधिक किमतीस गेलें. या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे, तें ज्याला चित्रकार व्हावयाचें आहे त्यानें भिंतीवर लिहून ठेवावें.

सूतीन १९१३ सालीं आला. तो आजच्या बेलारूसमधल्या एका खेड्यांतल्या गरीब शिंप्याचा मुलगा. जवळजवळ दहा वर्षें त्यानें अर्धपोटीं काढलीं. १९२२-२३ च्या हिवाळ्यांत बार्न्स नांवाच्या अमेरिकन संग्राहकानें त्याचीं पन्नासांहून अधिक चित्रें एकदम विकत घेतलीं, तेव्हां कोठें त्याचे दिवस पालटले. पण अर्धपोटीं काढलेल्या त्या वर्षांनीं पोटाचा विकार जडला तो जडलाच. पुढें जर्मनांनीं फ्रान्स व्यापल्यावर, ज्यू म्हणून त्याला लपत फिरावें लागलें, आणि १९४३ सालीं शस्त्रक्रियेनंतर तो मरण पावला. शागालला १९४१ सालीं अमेरिकेला निघून जावें लागलें. पिकासोसारखा पिकासो; त्यानें १९४० सालीं फ्रेंच नागरिकत्वासाठीं अर्ज केला, तेव्हां पोलिसांच्या जुन्या कागदांतल्या संशयावरून तो नामंजूर झाला. जगभर त्याचें नांव गाजत होतें. परंतु कचेरीच्या लेखीं तो परकाच होता.

आणि हीं तर आपणांस ठाऊक असलेलीं नांवें. हे तरले म्हणून ठाऊक आहेत. त्याच खोल्यांतून राहिलेले, तितकेच कष्ट केलेले आणि कोणाच्याही स्मरणांत न उरलेले किती तरी असतील. त्यांची यादी कोणी छापीत नाहीं. यशस्वी माणसांच्या चरित्रांवरून परदेशगमनाचा हिशेब मांडणें म्हणजे सोडत लागलेल्या माणसाला विचारून सोडतीचें तिकीट घेण्यासारखें आहे.

मग हे जे तरले, ते कशाच्या बळावर? पंधरा दिवसांच्या वाचनांत या प्रश्नापाशीं मी पुष्कळ वेळ थांबलों, आणि मला एक गोष्ट पुन्हां पुन्हां आढळली. शहरानें त्यांना साधन दिलें. आशय त्यांनीं घरूनच आणला होता. शागाल पॅरिसला आला १९१० च्या सुमारास. समोर एवढें देखणें शहर पसरलेलें. पण १९११ सालीं त्यानें तेथें बसून काढलेलें प्रसिद्ध चित्र कशाचें, तर आपल्या मागें राहिलेल्या गांवाचें. गाय, दूध काढणारी बाई, उलटीं-सुलटीं घरें. मांडणीची रीत पॅरिसची, गाय मात्र घरची. ब्रांकुशी हा रुमानियांतल्या एका खेड्यांतला शेतकऱ्याचा मुलगा १९०४ सालीं पॅरिसला पोंचला. १९०७ सालीं रोदँसारख्या थोर मूर्तिकाराच्या कार्यशाळेंत त्याला प्रवेश मिळाला, आणि थोड्याच दिवसांत त्यानें ती सोडली. मोठ्या झाडाच्या सावलींत आपलें रोप वाढणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. त्याच्या शिल्पांत आपल्या प्रांतांतल्या लांकडी कोरीवकामाचें वळण शेवटपर्यंत टिकून राहिलें.

आतां आपल्याकडे येतों. अमृता शेरगिल हिचा जन्म बुडापेस्टचा, वडील शीख, आई हंगेरियन. १९२९ सालीं, सोळाव्या वर्षीं, ती पॅरिसला गेली; प्रथम ग्रांद शोमिएर आणि मग एकोल दे बोझार, असें तिचें शिक्षण झालें. १९३२ सालीं काढलेल्या दोन तरुणींच्या चित्रानें तिला पुढल्याच वर्षीं तेथील मोठ्या प्रदर्शनाचें सभासदत्व मिळवून दिलें. इतकें यश हातीं असतांना १९३४ च्या अखेरीस ती हिंदुस्थानांत परतली. १९३६ सालीं तिनें अजिंठा पाहिला, आणि त्यानंतरच्या दक्षिणेच्या प्रवासांतून तिचीं सर्वांत परिपक्व चित्रें निर्माण झालीं. १९४१ सालीं, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, ती लाहोरला वारली. अजिंठा आमच्या जिल्ह्यापासून फारसा दूर नाहीं. शाळेच्या सहलींतून मीं तीं लेणीं चार वेळां पाहिलीं आहेत. तिनें तीं पॅरिस पाहिल्यानंतर पाहिलीं. डोळा तयार होऊन आल्यावर घरचीच गोष्ट नवी दिसते, असा याचा अर्थ मी घेतों.

१९४७ सालीं मुंबईंत सहा तरुणांनीं 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. या सहांच्या पुढल्या वाटा पाहिल्या म्हणजे आपला प्रश्न फार स्पष्ट होतो.

फ्रान्सिस न्यूटन सूझा हा गोव्याच्या साळगांवचा. तो १९४९ सालीं लंडनला गेला. पहिलीं पांच-सहा वर्षें अत्यंत हलाखीचीं; घर बरेंचसें पत्नीच्या कमाईवर चाले. १९५५ सालीं त्याचा एक आत्मपर लेख तेथल्या मासिकांत छापून आला, त्याच वर्षीं त्याच्या चित्रांचें प्रदर्शन गाजलें, आणि मग त्याचें नांव झालें. त्याच्या चित्रांतले ख्रिस्त आणि संत हे गोव्याच्या चर्चमधून आलेले आहेत. सदानंद बाकरे हा मूर्तिकार १९५१ सालीं लंडनला गेला, दोन तपें तेथें राहिला, आणि १९७५ सालीं परत येऊन कोंकणांत मुरुड-हर्णैच्या किनाऱ्यावर राहिला. २००७ सालीं तेथेंच त्याचें निधन झालें. त्याच्या हातांत कसब कमी नव्हतें. पण सूझा किंवा रझा यांच्याइतकी कीर्ति त्याच्या वांट्याला आली नाहीं. उलट, आरा मुंबईंतच राहिला. लहानपणीं मोटारी पुसणारा आणि घरगडी म्हणून राबणारा हा माणूस, त्यानें फुलें आणि भांडीं रंगवून नांव मिळविलें. याच मंडळींच्या निकटचे वासुदेव गायतोंडे १९६४ सालीं शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, थोड्याच काळांत परतले, आणि मग आपल्याच देशांत एकांतांत काम करीत राहिले. तेव्हां जाणें हाच एक मार्ग आहे असेंही नाहीं, आणि गेल्यानें पदरांत पडतेंच असेंही नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. या तरुणांना मुंबईंत ज्यांनीं उत्तेजन दिलें, त्यांत लांगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर हे तिघे होते. हिटलरच्या छळामुळें देश सोडून मुंबईला आलेले हे युरोपीय. म्हणजे ज्या काळीं आमचीं मुलें परदेशाकडे डोळे लावून बसलीं होतीं, त्याच काळीं मुंबई ही दुसऱ्या कोणासाठीं परदेशांतलें मोठें शहर झाली होती. आलेल्या माणसाला जागा देईल तें शहर मोठें होतें. हा नियम पॅरिसला लागू आहे, तसाच मुंबईलाही.

शेवटीं सय्यद हैदर रझा यांची हकीकत सांगतों, कारण ती मला मास्तर म्हणून फार जवळची वाटते. रझा हे मध्य प्रदेशांतल्या मंडला जिल्ह्याचे, एका वनाधिकाऱ्याचे चिरंजीव. जन्म १९२२ चा. नागपूरला आणि मग मुंबईला कलाशिक्षण झालें. १९४८ सालीं काश्मिरांत त्यांची गांठ कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशीं पडली. त्यानें चित्रें पाहून सांगितलें कीं, यांत रंग आहे पण रचनेची बांधणी नाहीं. सेझानचा अभ्यास करा. रझांनीं मुंबईंत फ्रेंच शिकण्यास आरंभ केला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ति मिळविली, आणि १९५० सालीं ते पॅरिसला गेले. १९५६ सालीं त्यांना तेथल्या समीक्षकांचें पारितोषिक मिळालें. तेथेंच लग्न झालें, तेथेंच संसार झाला. परंतु यश पदरीं पडल्यावरही त्यांना वाटूं लागलें कीं, आपण चांगलीं फ्रेंच चित्रें काढीत आहोंत. यांत आपलें काय? आणि मग त्यांना आपल्या खेड्यांतल्या शाळेची आठवण झाली. मन ठिकाणावर नसलेल्या त्या लहान मुलाला मास्तरांनीं भिंतीवर एक ठिपका काढून दिला होता आणि त्याकडे एकाग्र होऊन पाहण्यास सांगितलें होतें. तो ठिपका, तो बिंदु, पुढें त्यांच्या चित्रांचें केंद्र झाला. साठ वर्षें परदेशांत काढून रझा २०१० सालीं परत आले, आणि २०१६ सालीं, त्यांच्या इच्छेप्रमाणें, मंडल्याच्या मातींत विसावले.

पंधरा दिवस संपल्यावर ते गृहस्थ पुन्हां आले. मीं त्यांचा कागद घेतला आणि खालीं चार ओळी लिहिल्या.

पहिली ओळ: भाषा. मुलानें येथेंच एक वर्ष मन लावून फ्रेंच शिकावी. भाषेवांचून गेलेल्या माणसाला शहर दिसतें, सोबत मिळत नाहीं. आणि जावयाचें तें मुख्यतः सोबतीसाठीं. दुसरी ओळ: पैसा. दागिने मोडूं नयेत. शिष्यवृत्तीसाठीं प्रयत्न करावा. ती मिळविण्याच्या खटपटींत मुलाच्या कामाची पहिली परीक्षा परक्याकडून होऊन जाते. परदेशी विद्यार्थ्याला फ्रान्समध्यें वर्षाला ९६४ तास काम करण्याची मुभा आहे. त्यावर वरखर्च निभेल, घर चालणार नाहीं, हें धरून चालावें. तिसरी ओळ: मुदत. कायमचें जाण्याची भाषा आज नको. १९६५ पासून पॅरिसमध्यें परदेशी कलावंतांना कांहीं महिने राहून काम करण्यासाठीं एक कलानगर उभें आहे. असा ठराविक मुदतीचा मार्ग आधीं शोधावा. चौथी ओळ मीं मुलासाठीं लिहिली: 'तूं बरोबर काय नेणार आहेस?' त्याच्या वहींत आपल्या आळींतलें, आजोळचें, आईच्या स्वयंपाकघरांतलें कांहीं आहे कीं नुसत्या छापील चित्रांच्या नकला आहेत, हें त्यानेंच पाहावें. वही रिकामी असेल तर पॅरिस ती भरून देणार नाहीं.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, आणि इतकें करून, कांहीं न होतां परत आला तर?"

मीं म्हटलें, "तर तो आपल्या घरींच येईल. त्या दिवशीं त्याला कोणी हिशेब विचारूं नये, एवढें मात्र तुम्ही आजच ठरवा. तें ठरवितां येत नसेल, तर त्याला पाठवूं नका."

त्यांनीं कागदाची घडी केली, खिशांत ठेवली आणि म्हणाले, "तिच्याशीं बोलतों." तिच्याशीं म्हणजे पत्नीशीं. अजून त्यांचा निर्णय मला कळलेला नाहीं, आणि मीही विचारलेलें नाहीं. मुलानें मात्र फ्रेंचच्या वर्गांत नांव घातल्याचें कानावर आलें आहे.

राहिला तो तालुक्याच्या गांवचा माझा दुसरा विद्यार्थी. तीस वर्षांपूर्वीं त्याला मीं ना भाषेचें विचारलें, ना मुदतीचें, ना त्याच्या वहींत काय आहे याचें. मास्तरानें भिंतीवर एक ठिपका काढून द्यावा, एवढेंच त्याचें काम असतें. मीं ठिपका न काढतां भिंतच उभी केली. पुढल्या आठवड्यांत मी त्याच्याकडे जाणार आहें. आतां परदेशाचा प्रश्न राहिलेला नाहीं. परंतु त्याची ती जुनी वही अजून असेल, तर ती एकदां मला पाहावयाची आहे.